बाजूची खोली

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?" आणि सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. घाम मात्र मुबलक होता. तिनं पदर पिळला असता, तर दवाखान्यातल्या कुंड्या महिनाभर हिरव्या राहिल्या असत्या. शेजारच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या.

त्यांच्या घरात पाळी आली की बाईनं बाजूच्या खोलीत बसायचं, स्वयंपाकाला शिवायचं नाही. सुनेला जन्मात विश्रांती मिळाली ती तेवढीच. म्हणून गणपतीपासून पाळी येईनाशी झाली, तरी दर महिन्याला चटई उचलून ती त्या खोलीत जाऊन निजत होती. पोट फुगलंय, गाठ असेल या भीतीनं ती दाखवायला आली होती; आता खोटं बोलावं, तर ती गाठ तशीच वाढायची. खरं बोलावं, तर खोली जायची.

जिवाची भीती जिंकली. "गणपतीपासून नाही," ती म्हणाली.

सोनोग्राफी झाली. "गाठबीठ काही नाही. पाळी जातेय, या वयात जायचीच," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या.

घरी ओट्याशी आल्यावर सासूबाई पुटपुटल्या, "बावळट आहेस. मी माझ्या सासूला तीन वर्षं पत्ता लागू दिला नाही. दवाखान्यात मला जरा बाहेर थांबायला सांगायचंस."

"मग ऐकलंच नाही असं समजा ना, आई."

"आणि चार दिवस पोळ्या मी लाटू? माहीत असून?"

सासूबाईंनी बाजूच्या खोलीला कडी घातली आणि कणकेची परात तिच्यापुढे सरकवली.