काटा वर चढतो

सिरॅमिकचा हीटर हुशार असतो. गाडी आतून तापली की तो आपणहून वीज कमी घेतो. गारवा लागला की पुन्हा जास्त ओढतो. म्हणून नवा हीटर बसवला की आम्ही गाडीची दारं लावतो आणि बाहेर मीटरचा काटा बघत उभे राहतो.

आज सकाळी व्हॅन रिकामी होती तोवर काटा मुकाट खाली आला. पंख्याचा आवाज ऐकायला मी आत बसलो, दार ओढलं, तसा तो सरसर वर चढला.

"दाजी, काच उघडी राहिली का?" मेहुण्याने बाहेरून विचारलं.

"सगळं बंद आहे. तूच बसून बघ."

तो बसला. काटा खाली आला आणि तिथेच राहिला. तो घाम पुसत उतरला आणि मी पुन्हा बसलो. काटा पुन्हा वर.

"मीटरचं डोकं फिरलंय," मी म्हणालो. मला मात्र आत बरं वाटत होतं. उठल्यापासून पहिल्यांदाच ऊब लागत होती.

मेहुण्याने मला उतरवायला हात दिला. मी धरला, तर त्याने तो झटकन सोडवून घेतला. तळवा शर्टाला घासत, माझ्याकडे न बघता त्याने फोन लावला.

"ताई, दाजी कुठे आहेत?"

माझ्या बायकोचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"झोपलेत अजून. हाका मारून दमले मी."