बेटावरची हवा

फोन लावायच्या आधी पंखा बंद करायचा, हे आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पंख्याची खडखड पलीकडं गेली, की जालन्यातल्या पत्र्याच्या खोलीला बेटाचं सोंग आणता येत नसे.

पहिली पाळी करून तो नुकताच आला होता. अंग आंबून गेलेलं, भट्टीच्या धगीनं डोळे चुरचुरत होते. पण रविवार होता. त्यानं उशाखालचं पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं आणि वाटूर गावी फोन लावला.

"आई, मी मिथुन."

"बोल बाळा," सखूबाई म्हणाली. "जेवला का?"

जेवलो, असं तो म्हणाला. आवाज घोगरा का येतो, हे ती आता विचारत नसे. सुरुवातीला विचारायची. तेव्हा समुद्राची हवा खारी असते, असं त्यानं ठोकून दिलं होतं.

पुस्तक त्याला रद्दीच्या दुकानात सापडलं होतं. फ्रेंच, डच, पोर्तुगीज लोकांच्या ताब्यातल्या बेटांचा भूगोल. जुन्या काळच्या कुण्या शास्त्रीबुवांनी मराठीत उतरवलेला. बेटावर कामाला जायचं त्याचं आणि एका मित्राचं पक्कं झालं होतं, पासपोर्टही हातात आला होता. पण तपासणीत याच्या छातीच्या फोटोत डाग निघाला; मित्र एकटाच गेला आणि हा जालन्याच्या पुढं गेलाच नाही. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. सखूबाईला तो जे बेट दाखवायचा, ते सगळं या पिवळ्या पानांतलं.

तिच्या घरात हे एकट्या तातेरावांना, तिच्या नवऱ्याला, ठाऊक होतं. त्यांनीच जालन्याला येऊन त्याच्यापुढं हात जोडले होते. तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, खरं कळलं तर तिला सोसायचं नाही, तू फक्त रविवारी बोलत जा, असं म्हणाले होते. थोडे दिवस, असं ठरलं होतं. ते थोडे दिवस संपता संपत नव्हते.

आज त्यानं डोंगर सांगितले, ज्यांच्या पोटात आग असते. कासवं सांगितली, माणूस पाठीवर बसेल एवढाली. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत नुसता ऊसच ऊस, असंही सांगितलं. सखूबाई हुंकार देत ऐकत होती.

"मंग उसात राबतं कोण?" तिनं विचारलं.

शास्त्रीबुवांनी लिहिलं होतं: 'मळ्यांत कष्ट करण्याकरितां हिंदुस्थानांतून मजूर नेतात. त्यांपैकी पुष्कळ स्वदेशीं परत येत नाहींत.'

"आपल्याकडचेच लोकं हायेत, आई," तो म्हणाला आणि पान उलटलं.

कधी येतो, हे मात्र तिनं इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. तेवढ्यावर त्याचं निभत होतं. तरी आता नको वाटत होतं. उद्या तातेरावांना सांगून टाकावं, माझ्याच्यानं होत न्हाई म्हणून. दुसरं काहीतरी बघा.

"लई थकून राह्यला तू," सखूबाई म्हणाली.

"न्हाई आई. काम जरा जास्त हाय."

पलीकडून ताटांचा आवाज येत होता. माणसंही बरीच असावीत. घरी पाहुणे आलेत का, असं त्यानं विचारलं.

तिचा आवाज एकदम शांत होता.

"आज मिथुनचं वर्षश्राद्ध हाय. पंगत बसून राह्यली," सखूबाई म्हणाली. "एसटी धर आन् तू बी जेवायला ये, राधेश्याम."