सळईच्या खाली

हिमलोटाखाली गाडल्या गेलेल्या किसाबुरोला शोधायला सगळं गाव उतारावर रांगेनं उभं होतं. लांब सळया बर्फात खुपसत माणसं पाऊल पाऊल पुढं सरकत होती.

सोबा-शेवयांचं दुकान चालवणाऱ्या तोकुजीच्या सळईला काहीतरी मऊ लागलं. असं लागलं की सळई काढायची नाही, तिच्या कडेनं खणायचं, अशी रीत. त्यानं हात वर केला, तोच रांगेच्या टोकाकडून आरोळी आली, "सापडला. जिवंत आहे, शिव्या देतोय."

"मग माझ्या खाली कोण?" तोकुजीनं विचारलं.

"कुणाचा तरी कोबी," म्होरके मुराओका म्हणाले. हिवाळाभर ताजा राहावा म्हणून गावात कोबी बर्फातच पुरून ठेवत; त्याला बर्फासारखं कोठार नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. "चल आता. वरचा बर्फ लटकतोय. तो काही तुझं गिऱ्हाईक नाही, ताटकळत थांबायला."

किसाबुरोला घेऊन माणसं झाडीकडे निघाली. गावातलं कुणीच कमी नव्हतं. तोकुजीचा पाय मात्र निघेना. कोबीपायी जीव घालवणं मूर्खपणाचं, पण कोबी नसला तर?

त्यानं सळई हलकेच ओढली. ती आली नाही. उलट चार बोटं खाली गेली.

"तोकुजी, येतोस, की तुलाही हुडकत बसू?" झाडीतून मुराओका ओरडले.

टोपी सरकवून त्यानं सळईला कान लावला. खाली बरीच माणसं दबक्या आवाजात बोलत होती. मग एक आवाज अगदी जवळ आला. तोही मुराओकांचाच.

"मऊ लागलं. खणा रे, जिवंत आहे."

आणि तोकुजीच्या बुटांखाली फावडी चालू लागली.