बाळाच्या गालावरचा निळा

आपल्या स्टुलावर मेहुणा बसलेला पाहून चित्रकार दारातच थबकला. मेहुण्याच्या हातात त्याचाच बारीक कुंचला होता आणि समोर त्याचंच साबणाच्या जाहिरातीचं बाळ. मेहुणा त्या बाळाच्या गालावर रंग चढवत होता.

जेवणाच्या सुट्टीत चित्रकार कधीच स्टुडिओत नसे. डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकायचे, हा त्याचा नेम. आज चर्चला कुलूप होतं. चावी सांभाळणारा म्हातारा तापाने पडला होता म्हणे. म्हणून स्वारी अर्धा तास आधीच परतली होती.

चित्रकार माणूस सचोटीचा; आणि ते दुसऱ्याला विसरू न देणारा. देवाने दिलेल्या हाताने पाप रंगवायचं नाही, हा त्याचा बाणा. सव्वीस वर्षांत त्याने दारूच्या अकरा बाटल्या, सिगारेटची सहा पाकिटं, लॉटरीची दोन तिकिटं आणि नाचाच्या क्लबातली एक बाई नाकारली होती. आकडे त्याला पाठ होते. ऐकून ऐकून चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांनाही झाले होते. नाकारलेली कामं काही हवेत विरत नसत. ती शेजारच्या टेबलावर जात, मेहुण्याकडे. बायकोच्या या धाकट्या भावाला चित्रकारानेच कामाला लावलं होतं, आणि ‘बाटल्या’ हे नावही त्यानेच पाडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली थेंबांवर टिकवायची. आधी कडा गेल्या, मग रंग विटत चालले, निळा सगळ्यांत आधी. चित्रकार हबकला. पण त्याच्या लक्षात आलं की काम पूर्वीसारखंच पसंत पडतंय. एकही चित्र परत येत नाही. छापून आलेल्या प्रतीत त्याला निळा जरा उणा वाटे. पण सगळे वाहवा करत, तेव्हा तो छापखान्याच्या शाईवर खापर फोडून मोकळा होई.

गेल्या वर्षी बायको गेली. तरीही मंडळीपुढे उभं राहून त्याने साक्ष दिली, “डोळे अधू झाले, घर रिकामं झालं, पण प्रभूने माझा हात धरून ठेवलाय. कुंचला मी उचलतो, रंग तो भरतो.” कित्येकांनी रुमाल काढले. येत्या रविवारी तीच साक्ष पुन्हा द्या, असं चर्चच्या पाळकांनी कालच सांगितलं होतं.

“हे काय चाललंय?” चित्रकार म्हणाला.

कुंचला थांबला. “भाऊजी, आज लवकर?”

“माझ्या कामाला हात लावलास?”

“बाळ गारठलं होतं हो.” मेहुणा थट्टेवर नेऊ पाहत होता. “साबणाने धुतलंय की बर्फातून काढलंय, तेच कळेना.”

“बाटल्या, सरळ बोल.”

मेहुण्याने चित्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. एका गालाचं काम पुरं झालं होतं. दुसरा अजून चित्रकाराच्या हातचाच होता. चित्रकाराने चष्मा पुसला. डोळे बारीक केले. चित्र जवळ घेतलं, लांब धरलं, मान वाकडी करून पाहिलं.

“यातला तुझा कुठला?” त्याने विचारलं.

मेहुण्याने बोट ठेवलं. “हा. दुसरा निळा आहे, भाऊजी. पार निळा.”

चित्रकार तिथेच, रंगांच्या खोक्यावर बसला.

“किती दिवस चाललंय?”

“दोन वर्षं होतील. ताईच्या पहिल्यांदा लक्षात आलं. ती म्हणाली, यांना कळू देऊ नकोस. मग रोज, तुम्ही तिकडे गेलात की. चित्र मोठं असलं तर सुट्टी पुरत नाही. मग संध्याकाळी तुम्ही गेल्यावर थांबतो. माझं काम मागे पडतं, एवढंच.”

चित्रकाराने आपल्या हातांकडे पाहिलं.

“मी साक्ष दिली तेव्हा मागच्या बाकावर होतास तू.”

“होतो.”

“हसला असशील.”

“नाही. आमेन म्हणालो.”

शेजारच्या टेबलावर ब्रँडीचं लेबल पडलं होतं. तीन दिवस रखडलेलं. त्यावरून सकाळीच स्टुडिओच्या मालकाने मेहुण्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, आणि “बाटल्या काढून काढून हात जड झालाय त्याचा,” अशी पुस्ती चित्रकारानेच जोडली होती. आज पाच वाजता लेबल द्यायचं होतं. द्राक्षांचा वेल झाला होता, सोनेरी कड झाली होती. अक्षरं तेवढी राहिली होती.

“भाऊजी, रविवारी तुम्ही खुशाल बोला. मी कुणाला सांगणार नाही,” मेहुणा म्हणाला.

चित्रकार उठला. धडपडत मेहुण्याच्या टेबलाशी गेला आणि त्याच्या स्टुलावर बसला. कुठलंही काम सुरू करताना प्रार्थनेला घाली तशी त्याने मान खाली घातली. ओठ हलले की नाही, ते मेहुण्याला दिसलं नाही. मग त्याने लेबल पुढे ओढलं आणि शाईत लेखणी बुडवली.

“तू तो गाल पुरा कर,” तो म्हणाला. “ही अक्षरं काळ्यात आहेत ना? काळं मला अजून दिसतं.”