सील न तोडलेली कॅसेट

आयेशाचं लग्न झालं ते दोन हजार चोवीस साल. तिचा बाप याकूब इस्लामपुरात घड्याळं दुरुस्त करायचा आणि जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवायचा. त्यातल्या एका कॅसेटीचं सील त्यानं वीस वर्षं तुटू दिलं नव्हतं. सांगलीचा एक शौकीन तिचे चाळीस हजार द्यायला तयार होता.

याकूबची बायको जरिना नेहमी म्हणायची, "आवं, एकदा खेळू द्या की!"

"सील तुटलं की किंमत गेली," हे याकूबचं ठरलेलं उत्तर.

वलीम्याची, सासरकडची मेजवानी उरकून माहेरी आली त्या दुपारी आयेशा म्हणाली, "अब्बा, अम्मीसाठी तरी आता उघडा." याकूबनं हसत हसत प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

"चाचा, चाळीस हजार गेलं बगा!" पुतण्या अश्फाक ओरडला. सगळं घर हसलं.

कॅसेट लावली. टीव्हीवर आधी खेळलेल्यांच्या गुणांची यादी आली. खालच्या नऊ ओळी रिकाम्या होत्या. पहिल्या ओळीत इंग्रजी अक्षरांत नाव होतं, जरिना.

याकूबनं डोळे पुसले आणि तो खदखदून हसला. "लबाड! खेळलीस व्हय शेवटी?"

तेवढ्यात तिचे गुण दहानं वाढले.

जरिना दोन हजार सोळाच्या रमजानात वारली होती.