मेंढी बाहेर

"आजच्या डावाकडे अवघ्या मानवजातीचे डोळे लागले आहेत," असं अध्यक्ष बर्नार्ड ऑकल यांनी खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं. मग खाली उतरून त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोच घोट शांतपणे कपात परत सोडला.

"दूध नासलंय," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना सिरिल पॉकलींकडे वळल्या. दुधाचं खातं त्यांच्याकडे होतं. पॉकलींनी मान खाली घातली. त्यांनी मागच्या गुरुवारचीच बाटली उचलून आणली होती. आठवडाभर त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

एके काळी रेडिओवर चार विनोदी माणसं टेबलाभोवती बसून 'कुंपण' खेळत. एकाने म्हणायचं, "उत्तरेचं फाटक." दुसऱ्याने खोल विचार करून म्हणायचं, "चिंचोळी वाट, डावा खांब." ऐकणाऱ्यांनी श्वास रोखायचा. जो आधी "मेंढी बाहेर" म्हणेल, तो जिंकला. हे पहिल्याच खेळीला म्हणता येतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण तसं म्हणणं म्हणजे राणीच्या मेजवानीत बशीतून चहा भुरकणं. कार्यक्रम बंद पडून जमाना लोटला, तरी नेदर स्कॉफ्टन गावचं कुंपण मंडळ दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये जमत होतं. खेळाला नियम नव्हते. हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि त्या नियमांवरूनच गॅड बंधूंनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. मंडळात पाप एकच होतं. नियम कुणीतरी आपल्या मनाने बनवतं, असं तोंडाने म्हणायचं नाही.

एक नियम मात्र सगळ्यांना मान्य होता. अर्धा डाव टाकून कुणी गाव सोडायचं नाही.

आणि आज पॉकलींसमोर डावाला बसलेल्या थ्रॉसलबाई गाव सोडून चालल्या होत्या. न्यूझीलंडला असलेल्या मुलीने तिकीट पाठवलं होतं. दाराशी टॅक्सी उभी होती, टॅक्सीत बॅगा होत्या. निरोप म्हणून मंडळाने बाईंना लोकरीची मेंढी विणून दिली होती. "जाऊ नका" असं मात्र कुणी म्हणालं नव्हतं. तशी तिथे पद्धतच नव्हती. पॉकलीही म्हणाले नव्हते, आणि त्यांच्या मनात तर दुसरं काहीच नव्हतं. तेव्हा हातात राहिला होता तो डाव. तो संपू द्यायचा नाही.

"ओला बांध," थ्रॉसलबाई म्हणाल्या.

"वा!" मागून कुणीतरी उसासलं.

"ओल्या बांधाला कोरडा जोडा," पॉकली घाईने म्हणाले. "म्हणजे डाव पाच खेळ्या मागे."

"हरकत!" थोरले गॅड ताडकन उठले. "कोरडा जोडा फक्त ईस्टरआधी, लेंटच्या उपवासात चालतो!"

"अध्यक्ष, त्या गृहस्थांना सांगा," धाकटे गॅड छताकडे बघत म्हणाले, "की जोडा बिनटाचेचा असला तर बारा महिने चालतो."

ऑकल यांनी डोळे मिटून विचार केला आणि हरकत फेटाळली. डाव पाच खेळ्या मागे गेला. मग पॉकलींनी तो आडवा नेला, तिरका नेला, तळ्यात बुडवून बाहेर काढला. टाळ्या पडत होत्या. एवढा सुंदर डाव मंडळाने पाहिला नव्हता. पॉकलींच्या कपाळावरून घाम निथळत होता.

बाहेर भोंगा वाजला.

थ्रॉसलबाईंनी हातमोजे चढवले, पर्स मांडीवर घेतली आणि बोलायला तोंड उघडलं. त्या काय म्हणणार हे सगळ्या हॉलला कळलं.

"थांबा!" पॉकली ओरडले. "हातमोजे घालून... हातमोजे घालून मेंढी बाहेर काढता येत नाही!"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"पॉकली, हा नियम तुम्ही आत्ता बनवलात."

हॉलमध्ये एक चमचा खाली पडला. मंडळाच्या इतिहासात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. सुटका सोपी होती. 'जुन्या घटनेतली दुरुस्ती आहे' एवढंच म्हणायचं. ऑकल तर ओठांनी तसं सुचवतही होते.

"हो," पॉकली म्हणाले. "आत्ताच बनवला. तुम्ही जाऊ नये म्हणून."

थोरल्या गॅडनी टोपी काढली. धाकट्या गॅडनी चुकून त्यांचाच हात धरला. ऑकल जड आवाजात म्हणाले, "नियम बनवल्याची कबुली. खेळाडू बाद. डाव... डाव संपला."

म्हणजे बाई मोकळ्या झाल्या. डावभर जे फाटक पॉकलींनी जिवाच्या आकांताने लावून धरलं होतं, ते त्यांनी स्वतःच सताड उघडून दिलं होतं. ते नासक्या चहाकडे बघत बसले.

थ्रॉसलबाई उठल्या. दारापाशी गेल्या. तिथे थांबल्या, आणि उजव्या हाताचा मोजा एकेका बोटावरून ओढून काढू लागल्या.

"ऑकल, इतकी वर्षं अध्यक्ष आहात आणि एवढं ठाऊक नाही? कबुली दिली की खेळाडू बाद होत नाही. डाव पुन्हा पहिल्या फाटकापासून सुरू होतो."

असं कुणीही, कधीही ऐकलेलं नव्हतं.

"अर्थातच!" ऑकल म्हणाले. "माझ्या तोंडून राहूनच गेलं बघा."

"पहिल्या फाटकापासूनच," थोरले गॅड म्हणाले.

"आमचे बंधू बरोबर बोलतायत," धाकटे म्हणाले.

टॅक्सीवाल्याने दारातून डोकं आत घातलं. "बाई, गाडी चुकेल हं तुमची."

थ्रॉसलबाईंनी दुसराही मोजा काढला, दोन्ही मोजे नीट घडी करून पर्समध्ये ठेवले, आणि पर्सचा खटका लावला.

"पॉकली," त्या म्हणाल्या, "गुरुवारी दूध तेवढं ताजं आणा."