पंख्याची हद्द

इला नापास झाली. पण ते घडलंच नाही, असं धरून चालू. अमेरिकेतल्या रेडमंडच्या हॉलमध्ये ती खुर्चीतल्या हारुए-सानांसमोर गुडघ्यांवर बसली. हारुए-सान क्योटोतल्या निवृत्त गेशा. आता इथं जपानी नृत्य शिकवतात. आज पास झाली, तर त्यांच्या घराण्याचं नाव इलाला मिळणार होतं. त्यापायी तिनं भरतनाट्यम सोडून आईचे टोमणे खाल्ले होते. नाच निर्विघ्न झाला. उरला शेवटचा नमस्कार. मिटलेला पंखा गुडघ्यांपुढे आडवा ठेवायचा, वाकायचं. पंखा ही हद्द, ती ओलांडायची नाही. क्योटोत झिंगलेल्या मंत्र्यांनीही ती पाळलेली. “अगं, पाया पड की त्यांच्या!” मागून आई कुजबुजली, पार्किंगपर्यंत ऐकू जाईल अशी. इलाचे हात पंख्यावरून गुरूंच्या पायांवर गेले. “फेल,” हारुए-सान म्हणाल्या. त्यांचा हात मात्र इलाच्या डोक्यावर टेकला. नापास घडलंच नाही असं धरलं, तरी सदर हात कायम ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.